डांबरी शीट बदलूनही गच्ची पुन्हा गळते, तेव्हा काय तपासायचं

जून लागला की आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या घरांची मांडणी बदलायची. पलंग भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे यायचा, कपाटावरच्या बॅगा खाली उतरायच्या आणि हॉलमध्ये पंख्याच्या बरोबर खाली बादली लागायची. डोंबिवलीतली 1986 सालची इमारत, तळमजला अधिक तीन, वर सव्वादोनशे चौरस मीटरची सपाट गच्ची. 1998 मध्ये तिच्यावर पहिल्यांदा टारफेल्ट, म्हणजे आपण डांबरी शीट म्हणतो ती, बसवली. 2007 मध्ये त्यावरच दुसरी, 2014 मध्ये तिसरी. दर वेळी तोच क्रम: पहिला पावसाळा कोरडा, दुसऱ्यात छताला ओल, तिसऱ्यात बादली.

2022 मध्ये आम्ही हे सगळं खरवडून काढलं आणि काम मुळापासून केलं. त्यानंतर बादली लागलेली नाही. सगळं सविस्तर लिहितोय, कारण दर एप्रिल-मेमध्ये आजूबाजूच्या सोसायट्यांमधली माणसं हाच प्रश्न घेऊन येतात आणि बहुतेकांच्या हातात ‘जुन्यावरच नवीन शीट मारून देऊ’ असं कोटेशन असतं. त्यावर सही करण्याआधी एवढं वाचा.

थेंब पडतो एकीकडे, पाणी शिरतं दुसरीकडे

पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकतं म्हणून वर, पंख्याच्या डोक्यावर भोक आहे असं समजू नका. आम्ही दोनदा तसंच समजलो आणि दोनदा तिथेच ठिगळ लावलं. स्लॅब ओततानाच त्यात विजेच्या वायरींचे पाइप टाकलेले असतात. वरून मुरलेलं पाणी कोब्यातून, म्हणजे ढाळासाठी स्लॅबवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरातून, सरकत सरकत त्या पाइपात शिरतं आणि जिथे पाइपाचं तोंड उघडं, तिथून खाली येतं. हे तोंड म्हणजे पंख्याचा हुक किंवा दिव्याचा पॉइंट. आमच्याकडे पाणी शिरत होतं ते पंख्यापासून जवळजवळ पाच मीटर लांब, कठड्याच्या कोपऱ्यात.

म्हणून जागेपेक्षा वेळेची नोंद ठेवा. एका वहीत आठवडाभर लिहा: पाऊस कधी सुरू झाला, थेंब कधी पडला, पाऊस थांबल्यावर ठिबकणं किती वेळ चाललं. यातून फार कळतं. जोरदार सर आल्यावर अर्ध्या तासात पाणी दिसलं, तर वाट थेट आहे. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, कठड्याच्या सांध्याशी किंवा उघड्या भेगेत शोधा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ठिबकणं चालूच असेल, तर कोबा पाणी पिऊन बसलाय आणि ते हळूहळू सोडतोय. ओल फक्त बाहेरच्या भिंतीला लागून, तुळईच्या रेषेत असेल तर दोष गच्चीचा नसून कठड्याच्या बाहेरच्या गिलाव्याचा असू शकतो, आणि मग गच्चीवर काहीही अंथरलं तरी उपयोग नाही.

डिसेंबरातही ओल वाढत असेल तर पावसाला दोष देऊ नका. वरच्या टाकीत खाण्याचा रंग मिसळा आणि दोन दिवस वाट पाहा. आमच्या शेजारच्या इमारतीत अख्खी गच्ची नवीन करायचं ठरलं होतं. छतावर गुलाबी डाग उमटला तेव्हा कळलं की टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप सांध्यात सुटलाय.

टाकी निर्दोष ठरली की गच्ची भागाभागाने तपासायची. विटा आणि सिमेंटच्या मालाने बोटभर उंचीचे बांध घालून गच्चीचे तीन-चार वाफे करा. एका वाफ्यातलं पाइपाचं तोंड बंद करून त्यात 25 ते 50 मिलिमीटर पाणी भरा आणि दोन दिवस थांबा, मग पुढचा वाफा. सगळी गच्ची एकदम भरू नका. एक तर काहीच कळत नाही, आणि दुसरं म्हणजे 50 मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन. जुन्या स्लॅबवर ते विनाकारण टाकू नये.

स्लॅबच्या खालच्या बाजूचा गिलावा फुगलाय, त्याचे पोपडे पडतायत आणि आत गंजलेली सळई दिसतेय, अशी अवस्था असेल तर हे काम इथेच थांबवा. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. गळती हे ते करून घ्यायचं सगळ्यात सबळ कारण आहे.

फेब्रुवारीत उघडलेला एक फूट

सगळ्या तपासण्यांपेक्षा आम्हाला जास्त शिकवलं ते फूटभर लांबी-रुंदीच्या एका चौकोनाने. फेब्रुवारीतली सकाळ होती. मिस्त्रीने छिन्नीने चारी बाजूंनी काप घेतला आणि पहारीने तुकडा उचलला. वरची 2014 ची शीट अजून बऱ्यापैकी लवचिक होती. तिच्या खाली 2007 ची, ओली. त्याच्याखाली 1998 च्या शीटमधलं गोणपाट उरलंच नव्हतं, चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा झाला होता. कुबट वास आला. त्याखालच्या कोब्याला बोट लावलं तर बोट ओलं झालं. पाऊस जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

तो लगदा पाहिला आणि गेल्या चोवीस वर्षांचा हिशेब लागला. जुन्या टारफेल्टचा गाभा तागाच्या गोणपाटाचा किंवा तंतूंचा असतो, त्याला डांबर पाजलेलं असतं. डांबर उन्हाने कडक होतं आणि तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा त्याला भेगा जातात. भेगेतून पाणी गाभ्यात शिरलं की ताग कुजतो. अशा कुजलेल्या, ओल्या थरावर नवीन शीट चिकटवली की आतलं पाणी कायमचं कोंडलं जातं. मे महिन्यात काळी शीट साठ अंशांच्या वर तापते, आतल्या पाण्याची वाफ होते, ती शीट उचलते. गच्चीवर चालताना पायाखाली दबतात ते फुगे हेच. फुगा रोज फुगतो, रोज बसतो आणि एक दिवस त्याच्या कडेला चीर पडते. म्हणजे नवीन शीट फाडत होतं ते जुन्या शीटखालचं पाणी. शीट वाईट निघाली म्हणून आम्ही तीन वेळा कंत्राटदार बदलला. शीटचा दोष त्यात थोडाच होता.

ओल कुठवर पसरलीय हे पाहायला असे तीन-चार चौकोन वेगवेगळ्या ठिकाणी उघडा. एक पाइपाजवळ, एक कठड्याला लागून, एक मधोमध, एक जिथे पाणी साचतं तिथे. नंतर ते नीट बुजवून घ्यायला विसरू नका.

ढाळ, कठडा, पाइप

पाणी साचत असेल तर जगातली कोणतीही शीट फार दिवस टिकणार नाही. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी गच्चीवर जा, साचलेल्या डबक्यांच्या कडेने खडूने रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. मग लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, उंची मोजा. शंभरास एक एवढा ढाळ तरी हवा, म्हणजे पाइपापासून दहा मीटर लांबच्या कोपऱ्यात दहा सेंटीमीटर उंची. आमच्याकडे नऊ मीटरला तीन सेंटीमीटर भरला. वर एकावर एक शीट चढल्यामुळे पाइपाचं तोंडच आजूबाजूच्या गच्चीपेक्षा बोटभर उंच होऊन बसलं होतं. पाणी त्यात जाणार कसं?

ढाळ सुधारायचा म्हणून जुन्या कोब्यावर नवीन कोबा ओतायचा सल्ला हमखास मिळतो. तो घेऊ नका. दहा सेंटीमीटर जाडीच्या ब्रिकबॅट कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो होतं. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भारच मुळी दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास आहे. म्हणजे एका थरात तुम्ही स्लॅबची सगळी सवलत खाऊन टाकता. जुना काढूनच नवा घालायचा.

पाइप किती आणि केवढे आहेत तेही मोजा. ताशी 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 मिलिमीटर व्यासाच्या एका पाइपाने साधारण 40 चौरस मीटर गच्चीचं पाणी काढावं, असा हिशेब असतो. आमच्या सव्वादोनशे चौरस मीटरला 75 मिलिमीटरचे तीन पाइप होते. आपल्याकडच्या जुलैला ते पुरणं शक्यच नव्हतं. ते काढून 100 मिलिमीटरचे सहा केले. सगळ्या कामात पैसा वसूल झाला असेल तर तो इथे, असं माझं मत आहे.

राहिला कठडा. स्लॅब आणि कठडा उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यांच्या सांध्यात सतत हालचाल चालते. तिथे शीट काटकोनात वळवली की घडीवर ती फाटते. म्हणून सांध्यात सिमेंटच्या मालाचा गोलसर वाटा मारून, म्हणजे काटकोन भरून तिथे गोलाई करून, घ्यायची आणि शीट त्यावरून कठड्यावर किमान 15 सेंटीमीटर चढवायची. तिचं वरचं टोक उघडं सोडायचं नाही. कठड्यात खाच पाडून त्यात ते खोचायचं आणि खाच मालाने बंद करायची. आमच्याकडे 2014 मध्ये टोक नुसतंच डांबराने चिकटवलं होतं. दोन उन्हाळ्यांत ते सुटून पुढे झुकलं आणि कठड्यावरून ओघळणारं पाणी थेट शीटच्या पाठीमागे जाऊ लागलं. तोच तो पाच मीटर लांबचा कोपरा.

काढणं आणि वाळवणं

मुंबईच्या पट्ट्यात मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. बहुतेक सोसायट्या मेच्या सभेत ठराव करतात आणि महिनाअखेरीस काम सुरू करतात. तेव्हा काढायलाच वेळ नसतो, वाळवायला कुठून मिळणार? म्हणून जुन्यावर नवीन. ठराव दिवाळीनंतर लगेच करा, काम फेब्रुवारीत धरा.

जुनी शीट सकाळी काढा. गारव्यात डांबर कडक असतं, खटकन तुटतं. अकरानंतर ते मऊ पडतं, पहारीला आणि चपलांना चिकटतं आणि तेवढ्याच कामाला दुप्पट वेळ जातो. कुऱ्हाडीने दोन-दोन फुटांचे चौकोन पाडून उचलले तर बिगाऱ्यांना सोपं जातं. काढलेला माल गच्चीवर एका जागी रचू नका, वजन फार होतं, रोजच्या रोज खाली उतरवा. आणि तो जाळू देऊ नका. त्या धुराने छातीत दुखतं, शेजारच्या लहान मुलांना त्रास होतो.

शीट निघाली की सैल झालेला कोबा ठोकून पाहायचा. पोकळ आवाज येईल तो सगळा काढायचा. नवीन ढाळ घालून झाला की किमान सात दिवस पाणी मारून मुरवायचा आणि मग, हे महत्त्वाचं, सुकू द्यायचा. वर कोरडं दिसलं म्हणजे आत सुकलं असं नाही. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारी कडा चिकटपट्टीने बंद करून जमिनीवर लावा आणि किमान 16 तास ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा भाग काळपट झाला असेल तर अजून थांबा. आम्हाला ढाळ घातल्यावर साडेतीन आठवडे थांबावं लागलं. कंत्राटदार रोज विचारायचा, माणसं बसून आहेत म्हणायचा. आम्ही रोज कागद उचलून दाखवायचो.

नवीन शीट

गोणपाटाची टारफेल्ट आता घालू नका. एपीपी मेम्ब्रेन घ्या. ही पॉलिमर मिसळलेल्या डांबराची असते, गाभा पॉलिएस्टरचा, जो कुजत नाही. रोल एक मीटर रुंद, दहा मीटर लांब येतो, जाडी 3 किंवा 4 मिलिमीटर. एकच थर देणार असाल तर 4 घ्या आणि पावतीवर जाडी लिहून घ्या. एका रोलमध्ये दहा चौरस मीटर असतं, पण जोड धरता पावणेनऊच्या आसपासच झाकलं जातं. कमी रोल मागवलेले दिसले तर समजा की जोडांत कंजुषी होणार आहे.

झाडून, धूळ पुसून आधी प्रायमर, म्हणजे शीट नीट चिकटावी म्हणून लावायचा पातळ थर. तो बोटाला लागेनासा झाला की शीट. सुरुवात नेहमी सगळ्यात खालच्या भागापासून, म्हणजे पाइपाजवळून, आणि चढत जायचं. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर चढतं, तसाच जोड पाण्याच्या वाटेला पाठ करून असला पाहिजे. बाजूचा जोड 100 मिलिमीटर, टोकाचा 150, आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांचे टोकाचे जोड एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत.

शीट गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवतात, त्याला टॉर्च मारणं म्हणतात. तेव्हा वर उभे राहा आणि पाहा. खालचं पातळ प्लास्टिक वितळून डांबर चमकायला लागलं की लगेच रोल पुढे ढकलायचा. जोडाच्या कडेने वितळलेल्या डांबराची बारीक, सलग रेघ बाहेर आली तर तो जोड पक्का. रेघ तुटक असेल तिथे आत पोकळ राहिलंय. धूर येऊन आतली जाळी दिसायला लागली तर शीट जळली, तो तुकडा बदलायला लावा. आमच्या मिस्त्रीने गार झाल्यावर थापीचं टोक प्रत्येक जोडाच्या कडेने फिरवलं. सहा ठिकाणी टोक आत शिरलं, ती पुन्हा तापवून दाबली. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ते कुणी न सांगता केलं, आणि आज गच्ची कोरडी आहे त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पाइपात शीट किमान 10 सेंटीमीटर आत उतरवून चिकटवायची, नुसती तोंडापर्यंत आणून सोडायची नाही. गॅसचा सिलिंडर टॉर्चपासून दूर उभा ठेवा, जवळ अग्निशामक आणि पाण्याच्या बादल्या हव्यात, आणि काम संपल्यावर तासभर कुणीतरी वर थांबावं.

सगळं झाल्यावर पुन्हा पाणी भरून दोन दिवस चाचणी, आणि मगच वरचं संरक्षण. लोक गच्ची वापरणार असतील तर मालाचा थर देऊन फरशी. वापर नसेल तर ॲल्युमिनियमचा रंगही चालतो, फक्त तो काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये कुरडया-पापड वाळत पडतात, कोजागरीला गच्चीवर दूध आटवलं जातं. म्हणून आम्ही फरशी निवडली, आणि शेगडी ठेवायला एका कोपऱ्यात वेगळा सिमेंटचा ओटा बांधला. डिश अँटेना आणि सोलर हीटरचे बोल्ट आता गच्चीत ठोकू देत नाही. कठड्याच्या आतल्या बाजूला ब्लॉक ठेवून त्यावर बसवायचे, असा ठरावच आहे.

पैशाचं थोडक्यात. गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो, वरच्या मजल्यावरच्या सभासदाचा नाही. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी 0.25 टक्के वर्गणी सांगितलीय, ती याचसाठी. करारात ‘वॉटरप्रूफिंग करून देणे’ एवढंच लिहू नका. जुनं पूर्ण काढणं, ढाळ किती, शीटची जाडी, जोडांची मापं, पाणी भरून चाचणी, हे सगळं लिहा आणि काही रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा.

ऐन पावसात गळती लागली असेल तर

आत्ता जुलै चालू असेल तर यातलं काहीच करू नका. ओल्या गच्चीवर टॉर्च मारून लावलेली शीट म्हणजे फेकलेले पैसे. आधी पाइपांच्या जाळ्या साफ करा, पालापाचोळा आणि कबुतरांची पिसं निघतील. त्यानेच बऱ्याचदा अर्धी गळती थांबते. पाणी पंख्यातून किंवा दिव्यातून येत असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका. छताचा रंग पाण्याने फुगून लोंबत असेल तर खाली बादली धरून सुईने टोचा, नाहीतर तो मोठ्या तुकड्यासकट खाली येतो. संशयित कोपऱ्यावर जाड ताडपत्री कठड्याच्या वरून आत टाका आणि वाळूच्या पिशव्यांनी दाबा, गच्चीत खिळा ठोकू नका. आणि ती वही आजपासूनच सुरू करा.